सगळ्यात चांगल्या झाडाखाली उगवलेली तेलताडाची रोपे लावावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाग बारा वर्षांची आहे. त्यातले एक झाड शेजाऱ्यांच्या जवळजवळ दीडपट घड देते. त्याच्या बुंध्याशी गळलेल्या फळांतून शे-दीडशे रोपे आपोआप उगवली, ती तुम्ही पिशव्यांत भरून ठेवलीत. आता नव्या जमिनीत हीच लावावीत का? तेलताडाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरे, वाचून झाला आहे, तर पानाची चाचणी करून यातली उत्तम रोपे वेचता येणार नाहीत का? की सरळ आणखी काही वर्षे थांबावे, म्हणजे संशोधनातून एखादा जबरदस्त वाण हाती येईल?

हे तीन प्रश्न दिसत असले तरी तुमची खरी अडचण एकच आहे. तेलताडाच्या रोपाच्या पोटात काय दडले आहे ते डोळ्यांना कळायला तीन-चार वर्षे जातात आणि तोवर झालेली चूक पुढची पंचवीस वर्षे शेतात उभी राहते. भाताचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो, इथे उमेदीची वर्षे जातात. म्हणून आधी उत्तर देतो, कारणे नंतर. ती रोपे लावू नका. चाचणी होते, पण तुम्ही समजता त्यापेक्षा फार कमी गोष्टी ती सांगते. आणि वाणासाठी थांबण्यात अर्थ नाही.

मी या पिकाच्या पैदास आणि बियाणे निर्मितीत बरीच वर्षे काढली आहेत. ‘खाण तशी माती’ ही म्हण तेलताडाला का लागत नाही, हे मला कामाच्या पहिल्याच वर्षी शिकवले गेले. ते समजण्यासाठी फळाच्या आत डोकवावे लागेल.

तेलताडाच्या फळात बाहेर गर, मध्ये कवच आणि आत गाभा असतो. पामतेल निघते ते गरातून. कवचाच्या जाडीवरून झाडांचे तीन प्रकार पडतात. ड्युराचे कवच जाड, २ ते ८ मिलिमीटर, त्यामुळे गर कमी. पिसिफेराला कवच नसतेच, पण त्याची मादी फुले बहुधा वांझ निघतात, घड धरण्याआधीच कुजून जातात. टेनेराचे कवच पातळ, गर भरपूर. आज जगभर व्यापारी बागांत लावतात ते टेनेरा. बेल्जियन काँगोत बेर्नार्ट आणि व्हँडरवेयन या दोघांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की टेनेरा ही काही वेगळी जात नाही, तो ड्युरा आणि पिसिफेरा यांचा संकर आहे आणि सगळा खेळ एका जनुकाचा आहे. ड्युराकडे जाड कवचाच्या दोन प्रती असतात, पिसिफेराकडे बिनकवचाच्या दोन आणि टेनेराकडे दोन्हींची एकेक. या एका शोधाने, जमीन तीच ठेवून, ड्युराच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त तेल मिळू लागले. त्यानंतरच्या कुठल्याही एका शोधाने या पिकाला इतके दिलेले नाही, असे माझे मत आहे.

आता हाच हिशेब तुमच्या पिशव्यांना लावा. तुमचे झाड टेनेरा आहे असे धरू. तेलताडाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे येतात, पण सहसा वेगवेगळ्या काळात. म्हणजे तुमच्या रोपांचे बाप शेजारची झाडे आहेत आणि तीही टेनेराच. टेनेराशी टेनेराचा संकर झाला की संततीत एक चतुर्थांश ड्युरा, निम्मे टेनेरा आणि एक चतुर्थांश पिसिफेरा निघतात. नऊ मीटरच्या त्रिकोणी लागवडीत हेक्टरी १४३ झाडे बसतात. त्यातली ३५-३६ जाड कवचाची आणि तेवढीच वांझ. ही वांझ झाडे दिसायला मात्र सगळ्यांत धिप्पाड असतात. घडाला अन्न द्यावे लागत नसल्यामुळे सगळा जोर पानांत जातो आणि ती शेजारच्या कमावत्या झाडांवर सावली धरून बसतात. रोपवाटिकेत तुम्ही जोमदार रोपे निवडायला गेलात तरी उपयोग नाही, कवचाचा प्रकार त्या वयात दिसत नाही.

मग चाचणीचे काय? इथे तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. २०१३ मध्ये मलेशियन पाम ऑइल बोर्डाच्या नेतृत्वाखाली तेलताडाचा जीनोम प्रसिद्ध झाला. सोळा गुणसूत्रांच्या जोड्या, सुमारे १८० कोटी अक्षरे. त्याच वर्षी त्याच चमूने कवच ठरवणारे ‘शेल’ जनुक नेमके शोधून काढले. त्यामुळे रोप काही महिन्यांचे असतानाच पानाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून ते ड्युरा, टेनेरा की पिसिफेरा हे खात्रीने सांगता येते. तुमची शंभर रोपे तपासली तर पन्नासेक टेनेरा वेगळी निघतील. ‘मग तीच लावतो की!’ असे तुम्ही म्हणाल. मलाही कोणीतरी असेच विचारले होते आणि मी घाईत ‘हो’ म्हणून बसलो होतो. ते उत्तर चुकले होते.

कारण कवच एका जनुकाचे आहे, उत्पादन नाही. एका झाडाचे वर्षाचे उत्पादन म्हणजे घडांची संख्या गुणिले घडाचे सरासरी वजन, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. एक वाढली की बहुधा दुसरी घटते. आग्नेय आशियातला ‘देली ड्युरा’ थोडे पण मोठे घड देतो. आफ्रिकेतून आलेल्या पिसिफेरांच्या वंशात घड पुष्कळ पण लहान. समजा, एका बाजूला ६ घड २५ किलोचे, म्हणजे १५० किलो. दुसऱ्या बाजूला १६ घड ८ किलोचे, म्हणजे १२८ किलो. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) संकरात दोन्ही गुण मध्यावर आले तर ११ घड साडेसोळा किलोचे होतात, म्हणजे १८१ किलो. दोन्ही आईबापांपेक्षा जास्त! पैदासकाराची सगळी मेहनत या जोड्या जुळवण्यात असते. एका बाजूला ड्युराचे वंश, दुसऱ्या बाजूला पिसिफेराचे वंश, दोन्ही वेगळे सांभाळायचे आणि कोणाची कोणाशी जमते ते शेतात लावून पाहायचे.

तुमच्या झाडाखालच्या रोपात ही जुळवलेली जोडी मोडते. प्रत्येक रोपात पत्ते नव्याने पिसले जातात. शिवाय तुमची बाग एकाच खेपेच्या बियाण्याची असेल तर आजूबाजूची झाडे त्या झाडाची भावंडे असण्याची शक्यता मोठी. जवळच्या नात्यातल्या संकराने तेलताडात जोम आणि उत्पादन खालावते. म्हणून पानाच्या चाचणीत टेनेरा ठरलेली तुमची ती पन्नास रोपे आणि संकरित बियाण्यातली टेनेरा रोपे यांचे कवच सारखे असले तरी ती एका मापाची नाहीत.

आता जरा नाजूक मुद्दा. ते झाड खरोखर चांगले आहे का?

राग मानू नका. पैदासकाराला पहिल्यांदा हाच संशय घ्यायला शिकवतात. माझ्या उमेदवारीच्या काळात एका चाचणी-प्रक्षेत्रावर एक झाड सगळ्यांचे लाडके होते. तीन वर्षांच्या नोंदीत ते पहिले. आम्ही त्याच्या पुढच्या पिढीची स्वप्ने पाहत होतो. वरिष्ठांनी नकाशा मागवला आणि बोट ठेवले: त्याच्या शेजारची दोन झाडे लहानपणीच मेली होती. दुप्पट उजेड आणि रिकाम्या जागेतले पाणी, एवढेच त्या झाडाचे वैभव. गुण त्याचा नव्हता, जागेचा होता. तुमचे झाड पाटाच्या कडेला आहे का, बांधावर आहे का, खताचा ढीग त्याच्याजवळ पडायचा का, शेजारी खाडा, म्हणजे मेलेल्या झाडाची रिकामी जागा, आहे का, हे मला इथून दिसत नाही. एवढी एक गोष्ट पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

वर्षाचाही फेर असतो. फुलोरा नर होणार की मादी, हे तो उमलण्याच्या साधारण दीड-दोन वर्षे आधीच ठरू लागते. त्या काळात पाण्याचा ताण बसला तर नर फुलोरे वाढतात. मादी फुलोरा उमलल्यावर घड पिकायला पुन्हा पाच-सहा महिने. म्हणजे आज दिसणारे पीक दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या ओलाव्याची कहाणी सांगत असते. एखादे झाड एका वर्षी घडांनी लगडते आणि पुढल्या वर्षी नुसते नर फुलोरे मिरवते. निदान चार वर्षे प्रत्येक घड मोजून आणि तोलून झाल्याशिवाय मी कुठल्याही झाडाला ‘सर्वोत्तम’ म्हणत नाही.

आणि घड म्हणजे तेल नव्हे. तुमचे ते लाडके झाड चुकून आलेला ड्युरा असू शकतो. भरघोस वजनाचा घड, पण आत कवचच कवच. गिरणी नुसत्या वजनावर पैसे देत असेल तर हा तोटा तुम्हाला जाणवणारही नाही, तो गिरणीला जाणवतो आणि पुढे-मागे दराच्या रूपाने सगळ्यांच्याच वाट्याला येतो. हे पाहायला जनुकशास्त्र लागत नाही, धारदार सुरी पुरते. पिकलेले फळ मधोमध आडवे कापा. कवच पातळ असेल आणि त्याभोवती गरात काळसर तंतूंचे कडे दिसत असेल तर टेनेरा. जाड कवच आणि कडे नाही, तर ड्युरा. ड्युरा निघाला तर तुमच्या पिशव्यांतली निम्मी रोपेही ड्युराच समजा.

समजा, या सगळ्या परीक्षांत ते झाड उतरले. मग त्याची हुबेहूब प्रत का करू नये? केळीसारखे फुटवे तेलताडाला येत नाहीत. त्याला वाढीचा एकच कोंब असतो, कलम करायला जागाच नाही. उरतो तो टिश्यू कल्चरचा मार्ग, आणि त्याची एक जुनी जखम आहे. १९८० च्या दशकात क्लोन केलेल्या काही बागांत फुलोरे आले तेव्हा फुलांतल्या नर भागांचे मादीसारखे मांसल पदर झाले होते. फळाभोवती जणू झगा चढवलेला. बरीच फळे वांझ, घड वाया. इंग्रजीत याला ‘मँटल्ड’ म्हणतात. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की डीएनएची अक्षरे मूळ झाडाशी तंतोतंत जुळत होती, आणि तीस वर्षे कोणालाही कारण सापडत नव्हते.

ते २०१५ मध्ये सापडले. फुलाची घडण ठरवणाऱ्या एका जनुकाच्या आत ‘कर्मा’ नावाचा उड्या मारणारा डीएनएचा तुकडा बसलेला आहे. एरवी त्याच्यावर रासायनिक खुणांचे कुलूप असते. प्रयोगशाळेतल्या वाढीत काही पेशींमधले ते कुलूप गळून पडते आणि जनुकाचा संदेश मध्येच तुटतो. कुलूप शाबूत असेल तर ‘गुड कर्मा’, गळाले तर ‘बॅड कर्मा’ असे संशोधकांनीच म्हटले आहे, तेव्हा नावाचा दोष मला देऊ नका. कामाची गोष्ट ही की पानावरून हे कुलूप तपासता येते आणि बिघडलेली रोपे शेतात जाण्याआधीच बाजूला काढता येतात. म्हणून क्लोनला मी सरसकट नाही म्हणत नाही. विकणाऱ्याने ही तपासणी केली आहे का, मूळ झाडाच्या किती वर्षांच्या नोंदी आहेत आणि त्याच क्लोनची फळावर आलेली बाग पाहायला मिळेल का, एवढे मात्र विचारा. सगळे शेत एकाच क्लोनचे करू नका, रोग आला तर सगळ्यांना एकदमच येतो. तुमच्या एका झाडासाठी स्वतंत्र क्लोन करून घेणे मात्र परवडणारे नाही. शिवाय एकट्या झाडाच्या नोंदीवरून निवडलेल्या कित्येक क्लोनांनी पुढे निराशाच केली आहे, वर सांगितलेल्या खाड्याच्या गोष्टीसारखी.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: कवचाची चाचणी खात्रीची, झग्याची चाचणी उपयोगाची, उत्पादनाची मात्र अशी एका जनुकाची चाचणी नाही.

मग जीनोम वाचून फायदा काय झाला? झाला, पण तो शेतकऱ्याच्या दारात यायच्या आधी पैदासकाराच्या वहीत दिसतो. नेहमीच्या पद्धतीत निवडीच्या एका फेऱ्याला साधारण १९ वर्षे धरतात: संकर करायचा, संतती लावायची, फळावर येऊ द्यायची, वर्षानुवर्षे तोलायचे आणि मग आईबाप निवडायचे. एका माणसाच्या नोकरीत दोन फेरे पुरे होणेही कठीण. आता जीनोमभर पसरलेल्या हजारो खुणा वाचतात, जुन्या चाचण्यांतल्या उत्पादनाच्या नोंदींशी त्यांची सांगड घालतात आणि रोप रोपवाटिकेत असतानाच ते आईबाप म्हणून कितपत चांगले ठरेल याचा अंदाज बांधतात. याला जीनोमिक निवड म्हणतात. हा अंदाज हवामानाच्या अंदाजासारखा आहे: शंभर रोपांतली वाईट पन्नास काढायला चांगला, सर्वांत उत्तम एक शोधायला कच्चा. आणि ज्या वंशांच्या नोंदींवर तो बांधला त्या वंशांबाहेर गेला की आणखी कच्चा. तुमची अनोळखी बापाची रोपे तर त्या वहीत कुठेच नाहीत.

शेवटी, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? देली ड्युराचा सगळा वंश १८४८ मध्ये जाव्यातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावलेल्या चार रोपांपासून आला असे मानतात. इतक्या अरुंद पायावर किती मजले चढवणार? म्हणून १९७३ मध्ये मलेशियाच्या संशोधकांनी नायजेरियातून रानटी वाण गोळा केले, पुढे आफ्रिकेतल्या इतर देशांतूनही. बुटकेपणा, वेगळ्या प्रतीचे तेल असे गुण त्यातून मिळतात, पण ते उत्पादक वंशात मुरवायला पुन्हा तेच फेरे. लॅटिन अमेरिकेत शेंडेकुजीने बागाच्या बागा बसल्या, तिथे अमेरिकन तेलताडाशी केलेला संकर कामी आला. तो बुटका राहतो, त्याचे तेल अधिक पातळ असते, पण परागीभवनाला माणसाचा हात लागतो. मजुरी महाग असेल तिथे हा सौदा परवडेलच असे नाही. आग्नेय आशियात बुंधाकुज करणाऱ्या गॅनोडर्मा बुरशीला थोडेफार तोंड देणारी बियाणी मिळतात, पूर्ण प्रतिकार कुणाकडेच नाही. तुमच्याकडे यातला कुठला रोग आहे, यावर निवड ठरेल. सगळ्यांसाठी एकच ‘जबरदस्त वाण’ असा येत नसतो. तुम्ही पाच वर्षे थांबलात तर पाच वर्षांचे पीक नक्की जाईल, त्याच्या बदल्यात काय येईल ते नक्की नाही.

म्हणून बियाणे विकत घ्या, पण डोळे उघडे ठेवून. संकर हा माणसांच्या हातून होतो आणि हात चुकतात. ड्युराच्या मादी फुलोऱ्याला उमलण्याआधी आठवडाभर पिशवी बांधायची, योग्य दिवशी पिसिफेराचे पराग आत फुंकायचे. पिशवीला बारीकसे छिद्र राहिले की परागवाहक भुंगे शेजारच्या ड्युराचे पराग घेऊन आत शिरतात. आमच्याकडे एका हंगामात दोरी सैल बांधणाऱ्या एकाच माणसामुळे कित्येक घड रद्द करावे लागले होते. तो माणूस मीच होतो. अशी भेसळ किती असते? मलेशियातल्या स्वतंत्र बागायतदारांच्या रोपांची शेल चाचणी केल्यावर सरासरी अकरा टक्क्यांच्या आसपास रोपे टेनेरा नसल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा विक्रेत्याला आईबापांचे वंश विचारा, या खेपेतली किती रोपे तपासली आणि ड्युरा किती निघाले तेही विचारा. उत्तर ‘शून्य’ असे आले तर मी जरा जास्तच चौकशी करतो. मोठी लागवड असेल तर रोपांचा नमुना स्वतः तपासून घ्या. रोपवाटिकेत खुरटी, चपट्या माथ्याची, गवतासारख्या अरुंद पानांची रोपे निर्दयपणे काढा. पाचांतले एखादे तरी जातेच, त्याचा हिशेब आधीच धरून ठेवा.

त्या झाडाला मात्र टाकून देऊ नका. या आठवड्यात त्याचे फळ कापून पाहा, त्याच्याभोवतीच्या सहा झाडांचीही एकेक फळे कापा. बुंध्यावर रंगाचा पट्टा ओढा आणि त्या सातांचेही घड पुढची काही वर्षे वेगळे तोला. चार वर्षांनंतरही ते शेजाऱ्यांना मागे टाकत असेल, आसपास खाडा किंवा पाट नसेल आणि कवच पातळ असेल, तर नोंदवही घेऊन जवळच्या संशोधन केंद्रात जा. वंशावळ ठाऊक नसली तरी नोंदी असलेले झाड पाहायला पैदासकार आनंदाने येतात. पिशव्यांतली रोपे तेवढी आजच उपटून टाका, नाहीतर लागवडीच्या वेळी दहा-वीस खड्डे कमी पडले की हात हमखास तिकडेच वळतो.